तुमच्या जगातले ड्रॅगन का संपतात: भूक, गुहा आणि मादी यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या पोरांच्या एका टीमनं काल्पनिक जगाचं सिम्युलेशन लिहिलंय. जग तयार होताना ४० ड्रॅगन सोडतात, मग हजार वर्षांचा इतिहास वर्षागणिक पळवतात आणि त्यानंतर खेळाडूला आत घेतात. पण प्रत्येक वेळी दोनपैकी एकच काहीतरी होतं. एक तर अडीचशे-तीनशे वर्षांत सगळे ड्रॅगन खलास, नाहीतर जन्मदर जरा वाढवला की सातशेव्या वर्षी प्रत्येक गावाच्या वेशीवर एकेक ड्रॅगन बसलेला. त्यांनी विचारलंय, "मधलं काही सापडतच नाही. की संपले की परत स्पॉन करायचे आणि गप्प बसायचं?"

मी इथं कोल्हापुरात बसून बरीच वर्षं असल्याच जगांचा कोड लिहितो, म्हणून सविस्तर लिहितोय. स्पॉन करण्यात, म्हणजे नवा ड्रॅगन आयता उभा करण्यात, पाप काही नाही, ते आधीच सांगतो. माइनक्राफ्टमध्ये एंडर ड्रॅगन मेला की अंडं मिळतं आणि ते अंडं कधीच फुटत नाही. ड्रॅगन परत हवा असेल तर चार एंड क्रिस्टल मांडायचे. त्या खेळाला तेवढं पुरतं, कारण तिथं ड्रॅगनला इतिहास नाही. तुम्हाला इतिहास हवाय. मग तुमचा ड्रॅगन कुणाचा तरी मुलगा असला पाहिजे आणि कुठून तरी आलेला असला पाहिजे.

तुमचा कोड बघितला. तुम्ही ड्रॅगनला सशाचं गणित लावलंय. लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२५-२६ च्या सुमारास भक्ष्य-भक्षकाची जी समीकरणं मांडली, ती मोठ्या संख्येसाठी आहेत. हजारो ससे, शेकडो कोल्हे असतील तर सरासरी चालते. चाळीस ड्रॅगनांत सरासरी नावाची गोष्टच नसते. एक मेला तर अडीच टक्के जात गेली. म्हणून पहिलं काम, 'ड्रॅगनसंख्या' नावाचा आकडा काढून टाका आणि प्रत्येक ड्रॅगनची वेगळी नोंद ठेवा: नाव, वय, लिंग, आई, गुहा, शेवटचं पोटभर कधी खाल्लं. चाळीस नोंदींचं ओझं कुठल्याही संगणकाला होत नाही.

दुसरं काम, जन्मदराला हात लावायच्या आधी मृत्युदर बघा. सगळे उलटं करतात. तुमच्याकडे प्रौढ ड्रॅगन वर्षाला साधारण १ टक्का दरानं मरतोय. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४० ड्रॅगन, वर्षाला १ टक्का, अडीचशे वर्षं असं चालवलं की उरतात तीन. दर हजारात एक केला, तर एकही पिल्लू न होता हजार वर्षांनी चौदा-पंधरा ड्रॅगन जिवंत राहतात. म्हणजे ज्या प्राण्याला दंतकथा व्हायचंय त्याच्यासाठी सगळा खेळ दशांशानंतरच्या तिसऱ्या आकड्यात आहे.

आता हा १ टक्का येतो कुठून? तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदीत, दिसतंय की ड्रॅगन साधारण दहा वर्षांतून एकदा कुठल्यातरी सैन्याला भिडतो आणि दहातल्या एका लढाईत मरतो. तुम्ही काय केलं, तर त्याची ताकद वाढवली. मग तो मरेना, पण गावं ओस पडायला लागली. ताकद आहे तिथंच ठेवा, गाठीभेटी कमी करा. शिवाय हरायला लागला की पळू द्या! तुमचा ड्रॅगन शेवटच्या श्वासापर्यंत लढतो. हे शोभतं पैलवानाला आखाड्यात. रानातला कुठलाही शिकारी प्राणी असं करत नाही. बिबट्याचा एक पाय गेला तर पुढची शिकार नाही, म्हणून तो जखम टाळतो, नाद सोडून देतो. तिसरा हिस्सा रक्त गेलं की गुहेत परत आणि पुढची वीस वर्षं बाहेर नाही, एवढा एक नियम घाला. लढाईतले मृत्यू धाडदिशी खाली येतात, आणि 'जखमी होऊन निघून गेलेला राक्षस' ही गोष्ट गावोगाव फुकटात तयार होते.

या बाबतीत ड्वार्फ फोर्ट्रेसचा अभ्यास करा. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी २००६ पासून लोकांसमोर ठेवलेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात नव्या रूपात आलेला हा खेळ जगाचा इतिहास वर्षागणिक चालवतो. ड्रॅगन, हायड्रा, रॉक पक्षी, काशाचा महाकाय पुतळा हे तिथले महापशू. ते जगाच्या सुरुवातीलाच सोडलेले असतात, आणि त्यातले किती जिवंत आहेत त्यावर युगाचं नाव ठरतं. पुराणयुग, दंतकथायुग, वीरयुग असं जग उतरत जातं. ठरावीक टक्के महापशू मेले की इतिहास तिथंच थांबवायचा, अशीसुद्धा एक सेटिंग आहे. म्हणजे महापशूंचं संपत जाणं हेच त्या जगाचं घड्याळ आहे. त्यांचा ड्रॅगन म्हातारपणानं मरत नाही आणि हजार वर्षं वाढत राहतो. काशाच्या पुतळ्याला तर लिंगच नाही. तिथं प्रजननाला दुय्यम जागा आहे आणि ते जाणूनबुजून केलंय. तुम्हालाही उतरत जाणारं जग चालणार असेल तर इथंच थांबा, मृत्युदर हजारात एकावर आणा आणि सुखानं झोपा.

पण तुम्हाला पिल्लं हवीयत. मग आधी पोटाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

ड्वार्फ फोर्ट्रेसमधला पूर्ण वाढलेला ड्रॅगन आकारमानानं अडीच कोटी घनसेंटिमीटर आहे, म्हणजे ढोबळमानानं २५ टन. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये दाखवलं की प्राण्याचा चयापचय वजनाच्या पाऊण घातानं वाढतो. त्याच्या सूत्रात २५ टन घातले तर नुसतं पडून राहायला दिवसाला १ लाख ४० हजारच्या आसपास किलोकॅलरी लागतात. मांसात सांगायचं तर ९०-९५ किलो. हिंडायचं-उडायचं तर दुप्पट धरा. एका गव्याचं ४०० किलो मांस पोटात जातं असं मानलं तर वर्षाला पावणेदोनशेच्या घरात गवे. आणि शिकारी प्राण्यांनी कळपातला दरवर्षी जास्तीत जास्त दहावा हिस्सा खाल्ला तरच कळप टिकतो, हे ढोबळ प्रमाण लावलं तर एका ड्रॅगनमागे सतराशे गव्यांचा कळप हवा. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. एकच ड्रॅगन दाजीपुरात सोडला तर थोड्याच वर्षांत तो गवे संपवून उसात उतरेल, आणि मग कारखान्यांचं काय व्हायचं ते होईल. तुमच्या नकाशावर असे चाळीस आहेत.

यावर तीन तोडगे आहेत.

पहिला, त्याला थंड रक्ताचा करा. सरपटणाऱ्या प्राण्याला त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहावा हिस्सा ऊर्जा लागते. पावणेदोनशे गव्यांचे एकदम सतरा-अठरा होतात, आणि कळप पावणेदोनशेचा पुरतो. दुसरा, त्याला झोपवा. दहा वर्षांत एक वर्ष जागा आणि नऊ वर्षं सुप्त. झोपेत खर्च आणखी खाली येतो आणि मुख्य म्हणजे गाठीभेटी दहापट कमी होतात, म्हणजे मघाचा मृत्युदर आपोआप पडतो. झोप हा या सगळ्या रचनेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अन्न आणि आयुष्य दोन्ही एकाच आकड्यानं सुटतं. फक्त सगळ्यांची झोप एकाच वर्षी सुरू करू नका, नाहीतर दर दहा वर्षांनी जगावर चाळीस ड्रॅगन एकदम उठतील. एका टीमच्या जगात हे झालेलं मी पाहिलंय. इतिहासाच्या आलेखावर दर दशकाला एक खांब उभा.

तिसरा तोडगा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: बकासुर. एकचक्रा नगरीतून रोज गाडाभर अन्न, गाडीचे रेडे आणि एक माणूस. बकासुर शिकारीला जात नाही. त्यामुळे तो वणव्यात सापडत नाही, पुरात वाहून जात नाही, परक्या सैन्याला आडवा जात नाही. आणि त्याला मारून मोकळं होण्यापेक्षा पाळी लावणं गावाला परवडतं. सिम्युलेशनच्या नजरेनं खंडणी घेणारा राक्षस हा सगळ्यात टिकाऊ राक्षस. गावाचं उत्पन्न खंडणीपेक्षा जास्त आहे तोवर दोन्ही बाजू तशाच चालतात. बिघडतं कधी? दुष्काळ पडून खंडणी परवडेनाशी झाली तर, किंवा बाहेरून भीम आला तर. तुमच्या खेळात भीम म्हणजे खेळाडू. एवढी सुंदर रचना आयती हाताशी असताना प्रत्येक राक्षसाला मेंढ्या पळवायला का पाठवता?

आता वीण. कागद घ्या. मादी शंभराव्या वर्षी प्रौढ होते, त्यानंतर सरासरी तीनशे वर्षं जगते, दर पन्नास वर्षांनी तीन अंडी घालते. जन्मभरात अठरा अंडी, त्यातल्या नऊ मुली. संख्या स्थिर राहायची तर या नवांतली एकच प्रौढ झाली पाहिजे. शंभर वर्षांच्या वाढीच्या काळात नवातली एक जगणं, म्हणजे पिल्लांचा मृत्युदर वर्षाला २.२ टक्के. आता तो १ टक्का करून बघा: एका मादीमागे तीनहून जास्त मुली प्रौढ होतात, दर पिढीला तिप्पट. ४ टक्के करून बघा: सहा-सात माद्यांमागे एक मुलगी, जात संपली. तुम्हाला 'मधलं काही सापडत नाही' त्याचं कारण हे आहे. १ आणि ४ टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी सुईच्या टोकाएवढी जागा आहे, आणि आकडे चाळवून ती कुणालाच सापडणार नाही. सापडली तरी एका दुष्काळात हातची जाईल.

म्हणून आकडा शोधायचा नसतो, लगाम लावायचा असतो. गर्दी वाढली की जगणं अवघड झालं पाहिजे, आणि गर्दी कमी झाली की सोपं. ड्रॅगनसाठी सगळ्यात चांगला लगाम म्हणजे गुहा. जगात विणीच्या लायकीच्या गुहा मोजक्या ठेवा, समजा साठ. गुहा नाही तर वीण नाही. सह्याद्रीत धनेशाचं असंच आहे. त्याला जुन्या झाडाची मोठी ढोली लागते, आणि फळं कितीही असोत, ढोल्या असतील तेवढ्याच जोड्या घरटी करतात. मग पिल्लांचा मृत्युदर १ टक्का ठेवला तरी स्फोट होत नाही. जादा झालेले तरुण ड्रॅगन बिनगुहेचे हिंडत राहतात. एखादी म्हातारी मेली की त्यांच्यातली एक तिच्या जागी येते. हे हिंडते उमेदवार म्हणजे तुमच्या जगाची शिल्लक. वरून बघताना ड्रॅगनसंख्या स्थिर दिसते, आत उलाढाल चालू असते.

रक्तबीजाचं काय, असंही एकानं विचारलंय. रक्ताचा थेंब पडला की नवा असुर, ही वीण माराच्या वेगावर चालते. खेळाडू जितका जोरात मारेल तितके जास्त. एका लढाईपुरती मजा येते, पण हजार वर्षांच्या इतिहासात घालू नका. एक मूर्ख सेनापती जग बुडवतो. त्या कथेतसुद्धा उपाय तलवारीचा नाही, थेंब जमिनीवर पडूच न देण्याचा आहे. तेवढं सांगून पुढं जातो.

जोडीदार सापडणं ही खरी गोम. वॉर्डर ॲली नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात दाखवलं की संख्या फार कमी झाली की प्रत्येकाचं भलं होण्याऐवजी वाईट होतं. अन्न भरपूर, पण नर उत्तरेच्या बर्फात आणि मादी दक्षिणेच्या बेटावर. तुमच्या कोडमध्ये दोन्ही लिंगं जिवंत असली की वीण होते, मध्ये समुद्र असला तरी. म्हणून तुमचे शेवटचे दोन ड्रॅगन परत चाळीस होतात आणि कुणालाच खरं वाटत नाही. अंतराची अट घाला. मग लगेच उलटं संकट येईल, वीसच्या खाली गेलेली जात वर येणार नाही. त्यावर निसर्गानं दिलेला एक देखणा तोडगा आहे. २००६ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालं की कोमोडो ड्रॅगनच्या माद्या नराशिवायही अंडी फळवू शकतात. इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या मादीला नर कधी दिसलाच नव्हता. आणि यातून होणारी पिल्लं सगळी नर असतात. म्हणजे बेटावर अडकलेली एकटी मादी आपला जोडीदार स्वतःच जन्माला घालू शकते. किंमत अशी की पुढची पिढी जवळच्या नात्यातली आणि कमजोर. तुमच्या जगात हा नियम 'शंभर वर्षं जोडीदार नाही मिळाला तर' या अटीवर घाला. फार कमी वेळा चालेल, पण चालेल तेव्हा त्या बेटाला पुराण मिळेल.

आणि पाळलेल्या राक्षसांची पिल्लं? इथं कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या आणि नंतर राजाराम महाराजांच्या काळात इथं चित्त्यांकडून काळविटाची शिकार व्हायची. देशातले चित्ते संपत आले तसे ते आफ्रिकेतून आणावे लागले. आणावे लागले, कारण पाळलेला चित्ता वीत नसे. अकबरानं हजार चित्ते जमवल्याचं जहांगीर लिहितो, आणि त्याच्याच नोंदीत १६१३ मध्ये एका जोडीला तीन पिल्लं झाल्याचं नवल म्हणून येतं. त्यानंतर पिंजऱ्यात चित्ता जन्मल्याची पक्की नोंद थेट १९५६ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. नर-मादी कायम एकत्र ठेवले की त्यांचं जमत नाही. वेगळे ठेवून थोड्या काळासाठी भेट घडवली तर जमतं, हे फार उशिरा कळलं. शेकडो वर्षं राजेलोक रानातून चित्ते पकडत राहिले आणि रान रिकामं झालं. तुमच्या खेळात राजा ड्रॅगन पकडून पाळतो आणि दोन वर्षांत त्याच्याकडे पिल्लं तयार. ते काढा. पाळलेला ड्रॅगन म्हणजे जातीतून वजा झालेला ड्रॅगन, असं धरा. दरबाराचा डौल जेवढा वाढेल तेवढी जात घटली पाहिजे.

आता ज्या एका मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो.

आजरा-चंदगडच्या लोकांना टस्कर माहीत आहे. कर्नाटकातल्या रानातून दोन दशकांपूर्वी हत्ती या बाजूला यायला लागले. त्यात एकटा हिंडणारा सुळेवाला नर सगळ्यांच्या तोंडी. उसात येतो, केळी पाडतो, रस्त्यात उभा राहतो. त्याच्याबद्दल प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. सह्याद्रीतल्या वाघाचंही तसंच. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, ११६५ चौरस किलोमीटरचा. कॅमेऱ्यात मधूनमधून नर वाघ दिसायचे, पण वाघीण येऊन घर करायची नाही. शेवटी विदर्भातून वाघिणी आणून सोडायची योजना करावी लागली. कारण साधं आहे. तरुण नर लांब जातात. तरुण मादी आईच्या हद्दीला लागून हद्द धरते. म्हणून कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या प्रदेशाच्या कडेला एकटे नरच दिसतात, आणि माणसांची वस्ती त्या कडेलाच असते.

हे तुमच्या कोडमध्ये घाला. पिल्लू वीस वर्षांचं झालं की आई त्याला हाकलते. मुलगा असेल तर ५०० ते १००० किलोमीटर कुठल्याही दिशेला. मुलगी असेल तर शेजारच्या दोन-तीन खोऱ्यांतली पहिली मोकळी जागा. एवढा एकच फरक. त्याच्यानं काय होतं ते आमच्या एका चाचणी-जगाच्या लॉगमधून दाखवतो. मादीचं नाव काजळी, भावाचं धुमाळ.

वर्ष २१२: तळकोंडीच्या गुहेत तीन अंडी फुटली. काजळी, धुमाळ आणि एक बिननावाचं.
वर्ष २१३: बिननावाचं उपासमारीनं मेलं.
वर्ष २३२: दोघांना आईनं हाकललं.
वर्ष २३९: धुमाळ ८४० किलोमीटरवर, वेलबंदर शहराच्या हद्दीत.
वर्ष २३९ ते २६१: धुमाळनं गलबतं जाळली, खंडणी घेतली, दोन राजपुत्र मारले.
वर्ष २६१: धुमाळ ठार. मारणाऱ्या कोळिणीला जहागीर.
वर्ष ३१९: काजळीला आईच्या गुहेपासून दोन खोरी पलीकडे गुहा मिळाली.
वर्ष ३४४: काजळीची पहिली वीण. तीन अंडी, जगलं शून्य.
वर्ष ३९५: दुसरी वीण. दोन जगली.
वर्ष ६८०: काजळी झोपेत.

वेलबंदरात धुमाळची देवळं, पोवाडे, त्याच्या कवटीवरून झालेली भांडणं. इतिहासाची पानंच्या पानं त्यानं खाल्ली. काजळीचं नाव एकाही माणसाला माहीत नाही, आणि पुढच्या सहाशे वर्षांतले अकरा ड्रॅगन तिच्या पोटचे किंवा तिच्या मुलींच्या पोटचे आहेत. खेळाडूला लागतो धुमाळ, जातीला लागते काजळी. कडेचा नर मेला तरी जातीचं फारसं बिघडत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे दंतकथेतला राक्षस मारूनही राक्षस संपत नाहीत, आणि त्यासाठी स्पॉनचं बटण लागत नाही. नवा तरुण नर वीस-तीस वर्षांनी त्याच रिकाम्या जागी येतो. लोक म्हणतात, धुमाळ परत आला. गावात दरवर्षी उत्सव सुरू होतो. आपल्याकडे ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटतो तसा वध दरसाल साजरा करणारं गाव तुमच्या जगातही उगवेल, आणि त्याच्यामागे खरी आकडेवारी असेल.

उलट बाजूही खरी ठेवा. खेळाडू कधी ना कधी काजळीच्या गुहेपर्यंत पोचेल. तिथं एक घाव घातला तर लगेच काही दिसत नाही. कडेचे नर अजून पन्नास-साठ वर्षं येतच राहतात, मग विरळ होतात, मग थांबतात. हा उशीर मुद्दाम दुरुस्त करू नका.

खेळाडूबद्दल एक इशारा. १९९७ मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळासाठी खरीखुरी परिसंस्था लिहिली होती. शाकाहारी कमी झाले की शिकारी दुसरीकडे वळतील, असा बेत. चाचणीतच खेळाडूंनी समोर दिसेल ते एवढ्या वेगानं मारलं की कशालाही सावरायला उसंत मिळेना, आणि ती यंत्रणा बाजूला ठेवावी लागली. गणितात याचं कारण स्वच्छ दिसतं. ससे संपले की कोल्हा उपाशी मरतो, खेळाडू मरत नाही. त्याला पोटच नाही. म्हणून त्याला अडवायचं तर भुकेनं नाही, माहितीनं अडवा. ड्रॅगन कुठं आहे ही बातमी उशिरा पोचू द्या, चुकीची पोचू द्या, आणि काजळीसारख्यांची तर पोचूच देऊ नका. नकाशावर कवटीचं चिन्ह काढून देणारा खेळ स्वतःच्या राक्षसांची सुपारी देत असतो.

राहिला तांत्रिक घोळ. खेळाडू लांब असताना तुमचा ड्रॅगन वर्षातून एकदा हलतो, जवळ असताना सेकंदाला. दोन्हीकडचे नियम वेगळे लिहिले गेलेत, त्यामुळे खेळाडू जवळ गेला की ड्रॅगन अचानक उपाशी ठरतो. किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो तसं करा. लांब असताना फक्त लिहून ठेवा की इतकं खाणं, इतकी झोप, इतक्या जखमा बाकी. खेळाडू जवळ आला की आधी ती बाकी चुकती करा, मग ड्रॅगन दाखवा. चुकती करताना मरायचा योग आला तर तो खेळाडूच्या डोळ्यांदेखत नको, आधीच मेला होता असं ठरवा आणि गुहेत हाडं ठेवा.

चाचणी अशी करा. खेळाडू बंद, माणसांची सैन्यं बंद, साठ गुहा, पिल्लांचा मृत्युदर १ टक्का, आणि हजार नव्हे तीन हजार वर्षं चालवा. एकूण संख्येचा आलेख बघू नका. दर शंभर वर्षांनी दोनशे वर्षांहून मोठ्या माद्या किती आहेत तेवढंच छापा. तो आकडा तीस-चाळीसच्या आसपास हलत राहिला तर सैन्यं चालू करा. तो सरळ रेषेत खाली जात असेल तर गुहा वाढवू नका, आधी झोपेचं वर्ष सगळ्यांचं एकच पडलंय का ते तपासा. मी पाहिलेल्या कोडमध्ये बहुतेक वेळा चूक तिथंच निघालीय.